जस्त किती ग्रॅम, ते निविदेत लिहा : किनारी तालुक्यांतल्या अभियंत्यांना खुलं पत्र

प्रति,
कार्यकारी अभियंता, उपअभियंता आणि कनिष्ठ अभियंता, सार्वजनिक बांधकाम व जिल्हा परिषद बांधकाम विभाग,
तसेच किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींचे सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हे.

विषय : किनाऱ्यालगतच्या कामांतल्या गॅल्व्हनाइज्ड लोखंडावरच्या जस्ताचं वजन ठरवून आणि मोजून घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. शेड, लोखंडी जिने, पाण्याच्या टाक्यांच्या शिड्या, धक्क्यावरचे कठडे ही माझी कामं. काही थेट घेतो, बरीचशी ठेकेदारांच्या हाताखाली करतो. माझ्या हाती आलेल्या सरकारी कामांच्या बहुतेक अंदाजपत्रकांत पत्र्यापुढे ‘जी.आय.’ आणि खांबापुढे ‘गॅल्व्हनाइज्ड’ एवढंच लिहिलेलं असतं. दोन्हींचा अर्थ एकच, जस्ताचा लेप चढवलेलं लोखंड. लोखंडाची जाडी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, पाइपचा व्यास असतो, रंगाचे हात किती मारायचे तेही असतं. त्या लोखंडावर जस्त किती हवं, हे मात्र नसतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभ्या राहणाऱ्या कामाचं आयुष्य त्या न लिहिलेल्या आकड्यावर ठरतं, म्हणून हे पत्र.

जस्त लोखंडाला दोन प्रकारे सांभाळतं. एक तर ते हवा आणि पाणी लोखंडापर्यंत पोचू देत नाही. दुसरं म्हणजे ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं, तरी आधी आजूबाजूचं जस्त झिजतं आणि तोवर लोखंड वाचतं. नुसत्या रंगाला हे जमत नाही, रंग फुटला की गंज त्याच्या पोटातून पुढे सरकत जातो. पण जस्ताचं हे काम झिजण्याचंच आहे. दरवर्षी थोडं जाणार, आणि सगळं गेलं की लोखंडाची पाळी. तेव्हा सुरुवातीला किती चढवलं आणि इथल्या हवेत वर्षाला किती जातं, या दोन गोष्टी कळल्या की काम किती वर्षं टिकेल याचा अंदाज कागदावर मांडता येतो.

एका चौरस मीटरवर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचं जस्त म्हणजे साधारण ७ ग्रॅम. पत्र्यांसाठी आय.एस. २७७ हे भारतीय मानक आहे. त्यात लेपाचे दर्जे चौरस मीटरला किती ग्रॅम, असे दिले आहेत : १२०, १८०, २७५ वगैरे. हा आकडा दोन्ही बाजू मिळून असतो, आणि ही गोष्ट चांगल्या जाणत्या माणसांच्याही नजरेतून सुटते. १२०च्या पत्र्याला एका बाजूला ६० ग्रॅम, म्हणजे जेमतेम ८ मायक्रॉन जस्त येतं. २७५च्या पत्र्याला एका बाजूला १९ मायक्रॉनच्या आसपास. याउलट अँगल, चॅनेल, प्लेट यांचा सांगाडा तयार करून मग तो सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढला (यालाच हॉट डिप म्हणतात), तर ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड लोखंडावर आय.एस. ४७५९ प्रमाणे चौरस मीटरला किमान ६१० ग्रॅम बसायला हवं. हे माप एकाच बाजूचं आहे. मायक्रॉनमध्ये ते ८५ भरतं.

आता हवेकडे या. आय.एस.ओ. ९२२३ हे आंतरराष्ट्रीय मानक हवा धातूला किती खाते यावरून तिचे वर्ग पाडतं. सी-३ या मध्यम वर्गात जस्त पहिल्या वर्षी ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं. सी-५ मध्ये ४.२ ते ८.४, आणि त्याच्याही वरच्या सी-एक्स वर्गात ८.४ ते २५ मायक्रॉन. पुढच्या वर्षांत वेग थोडा मंदावतो, तरी अंदाजाला हे आकडे पुरेसे आहेत. सी-५ च्या हवेत १२०चा पत्रा एका बाजूनं दोन वर्षांत उघडा पडू शकतो. त्याच जागी ६१० ग्रॅमचा खांब दहा वर्षं आणि त्याहून जास्त उभा राहतो. निविदेच्या भाषेत मात्र दोन्ही ‘जी.आय.’च.

यात भरडला जातो तो नीट काम करू पाहणारा ठेकेदार. तो २७५चा पत्रा आणि हॉट डिप केलेला सांगाडा धरून दर भरतो, दुसरा ठेकेदार १२०चा पत्रा आणि वरून रंग धरून भरतो. निविदेत आकडाच नसल्यामुळे दोघे एकाच तागडीत तोलले जातात आणि काम दुसऱ्याला मिळतं. त्याला दोष देता येत नाही, कारण त्यानं अट मोडलेली नाही. दोषदायित्वाचा, म्हणजे बिघाड ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायचा काळ संपेपर्यंत काम तग धरतं, अनामत सुटते, आणि त्यानंतरचा गंज ग्रामपंचायतीच्या माथी येतो. ग्रामपंचायतीकडे मग पुन्हा पत्रा बदलण्याइतका निधी नसतो. आमच्या भागात वापराविना पडून राहिलेल्या शेडा अशाच झाल्या.

पावसाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तपासणीची चूक तिथून सुरू होते. गंज दिसला की आपण सगळे म्हणतो, कोकणातला पाऊसच असा. पण जस्ताचा खरा शत्रू पाऊस नाही. जस्त ओलं होऊन वाळलं आणि त्याला मोकळी हवा मिळाली, की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्यावर करडा, घट्ट बसणारा कार्बोनेटचा थर धरतो. हा थर पुढची झीज रोखतो. पाऊस तर वरचं मीठ धुऊन नेतो. घात होतो तो मीठ साचतं तिथे. दसऱ्यानंतर पाऊस थांबतो, आणि तेव्हापासून मिरगापर्यंत खारे वारे रोज समुद्राचे सूक्ष्म तुषार आणून बसवत राहतात. पत्र्याची वरची बाजू पुढच्या पावसात धुतली जाते. पत्र्याची खालची बाजू, वळचण, छताच्या पट्ट्यांचे सांधे, धक्क्याच्या स्लॅबखालचे ब्रॅकेट, खांबाची वाऱ्याआडची बाजू, इथे पाऊस कधी लागतच नाही. तिथलं मीठ वर्षानुवर्षं तसंच राहतं.

हे मीठ वाळतही नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. आपल्या किनाऱ्यावर इतकी कोरडी हवा किती वेळ असते, ते आपण जाणताच. थंडीत पहाटे दव पडतं ते वेगळंच. म्हणजे बाहेर कडक ऊन असताना पत्र्याच्या पोटाला मात्र खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि जस्त रात्रंदिवस झिजत राहतं. एका शाळेच्या शेडवर मला हे अगदी जवळून पाहायला मिळालं. वरून पत्रा छान करडा, पाहणीत ‘स्थिती समाधानकारक’ असा शेरा. खालून शिडी लावून पाहिलं तर हुकांच्या भोवती तांबडे पोपडे सुटलेले, बोट लावलं की भोक पडेल अशी गत. त्या शेडखाली मुलं प्रार्थनेला उभी राहत होती.

म्हणून पाहणी खालून करा, ही विनंती. आणि जिथे नळाचं पाणी आहे तिथे डिसेंबर ते मे या काळात अधूनमधून पत्र्याची खालची बाजू आणि खांबांची पाठ गोड्या पाण्यानं धुवायची सोय ठेवा. एक पाइप आणि एक माणूस, याहून जास्त खर्च त्याला नाही.

नट-बोल्टकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. सांगाडा हॉट डिप करून येतो आणि तो जोडायला बाजारातले पिवळसर झाक असलेले बोल्ट आणले जातात. त्यांवर जस्त विजेच्या प्रक्रियेनं चढवलेलं असतं, बहुधा ५ ते १० मायक्रॉन. हॉट डिप केलेल्या बोल्टवर ४० ते ५० मायक्रॉन असतं. मग ८५ मायक्रॉनचा खांब शाबूत आणि त्याला धरून ठेवणारा बोल्ट सडलेला, अशी स्थिती येते. पत्र्याच्या हुकांचं आणि स्क्रूंचं तेच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. वाऱ्याचा ताण पत्र्यावर येतो तेव्हा तो सगळा या हुकांवर जातो, आणि जस्त उडालेल्या हुकाच्या भोकापासूनच पत्रा फाटत जातो.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरची घटना आपण कोणीच विसरलेलो नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. कोसळण्याच्या काही दिवस आधी नट-बोल्टांना गंज चढत असल्याचं बांधकाम विभागाच्या पत्रात लिहिलेलं होतं, हे नंतर सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. त्या दुर्घटनेची इतरही कारणं पुढे आली. माझं म्हणणं एवढंच, की एका पावसाळ्यात समुद्रकाठचा बोल्ट कुठवर जाऊ शकतो हे त्या दिवसानंतर सगळ्या महाराष्ट्राला कळलं, आणि तरीही बोल्टावर किती जस्त हवं ते आपल्या अंदाजपत्रकांत आजही दिसत नाही.

आता जागेवरच्या वेल्डिंगबद्दल, कारण हा माझ्याच धंद्यातला भाग आहे. गॅल्व्हनाइज्ड पाइप आणून जागेवर कापायचा, वेल्ड मारायचा आणि वरून सिल्व्हर फासायचं, ही पद्धत कठड्यांच्या कामात सर्रास चालते. वेल्डच्या उष्णतेनं सांध्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त जळून जातं. त्यावर मारलेला सिल्व्हर म्हणजे ॲल्युमिनियमची भुकटी घातलेला साधा रंग, तो दिसायला जस्तासारखा, पण जस्ताचं काम करत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर कठड्याच्या प्रत्येक सांध्यावर तांबडा ओघळ दिसतो तो यामुळे. योग्य क्रम असा, की कापणं, भोकं पाडणं, वेल्डिंग हे सगळं आधी करावं, पाइपांच्या टोकांना हवा आणि जस्त आत-बाहेर जाण्यासाठी भोकं ठेवावीत म्हणजे पाइप आतूनही लेपला जातो, आणि मग पूर्ण भाग हॉट डिपला पाठवावा. जोडणी जागेवर बोल्टनं. अगदीच टाळता न येणारा डाग दुरुस्त करायचा तर तारेच्या ब्रशनं घासून झिंक-रिच, म्हणजे जस्ताची भुकटी भरपूर असलेल्या रंगाचा जाड थर द्यावा. आंतरराष्ट्रीय मानक अशा दुरुस्तीला एकूण क्षेत्राच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतच मुभा देतं, आणि एक डाग १० चौरस सेंटिमीटरहून मोठा चालत नाही.

हॉट डिपसाठी आम्हाला माल घाटावर किंवा मुंबई-पुण्याकडे पाठवावा लागतो, भाडं आणि दिवस दोन्ही लागतात. ही अडचण खरी आहे. पण अंदाजपत्रकात वाहतुकीसह हॉट डिपचा वेगळा दर धरला, तर ती ठेकेदाराच्या खिशातून जात नाही आणि पळवाट काढायचं कारणही उरत नाही.

काही गोष्टी थोडक्यात. पत्र्यांचे गठ्ठे जूनमध्ये आणून ताडपत्रीखाली आडवे रचून ठेवले की दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरतं, हवा मिळत नाही आणि पांढरी भुकटी धरते. लेप वापरण्याआधीच खर्ची पडतो. माल वैशाखातच घ्या, पत्रे तिरके, मध्ये पट्ट्या घालून ठेवा. नव्या गॅल्व्हनाइज्ड लोखंडावर थेट ऑइल पेंट मारू नका. जस्ताशी त्याची साबणासारखी प्रक्रिया होते आणि रंग सालपटासारखा निघतो. आधी जस्तासाठीचा वेगळा प्रायमर लागतो. तसं नीट केलं तर जस्त आणि रंग एकमेकांना सांभाळतात आणि दोन्हींचं मिळून आयुष्य त्यांच्या वेगवेगळ्या आयुष्यांच्या बेरजेपेक्षाही जास्त भरतं. किनाऱ्याच्या पहिल्या रांगेतल्या कामांना हाच उपाय आहे. रंगीत पत्रा घेतला तरी रंगाखालचा लेप किती ते विचारा. लेपात ५५ टक्के ॲल्युमिनियम असलेला गॅल्व्हल्युमचा पत्रा खाऱ्या हवेत चांगला टिकतो, पण ओल्या सिमेंटला टेकवून ठेवू नका आणि गोठ्यावर घालू नका. तसंच, स्मशानशेडचा पत्रा चितेच्या फार जवळ आला तर २०० अंशांच्या वर जस्ताचा बाहेरचा थर सुटू लागतो. तिथे उंची वाढवणं हाच मार्ग. खांबाचा पाया जमिनीच्या पातळीला सोडू नका. जांभ्याची माती आम्लधर्मी आणि महिनोन्महिने ओली राहणारी. काँक्रीट जमिनीच्या वर काढून उताराचं करा, म्हणजे बेसप्लेटभोवती पाणी थांबणार नाही.

मोजायचं कसं, असं विचाराल. लेपाची जाडी मोजणारा चुंबकी गेज हातात मावतो, लोखंडाला टेकवला की मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतो, वस्तूला ओरखडाही उठत नाही. उपविभागाला एक गेज असला तरी पुरे. खांबाला वर, मध्ये, खाली आणि चारही अंगांनी टेकवून सरासरी काढायची आणि ती मोजमाप पुस्तिकेत लिहायची. लांबी-रुंदीची नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही, तसंच जस्ताच्या नोंदीशिवाय निघू नये.

गेज नसेल तिथे आपल्या सुपारीवाल्यांना ठाऊक असलेली गोष्ट कामाला येते. कोळेरोगासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण करताना बागायतदार त्यात विळा बुडवून पाहतात. पात्यावर तांबडा थर धरला तर चुना कमी पडला, हे त्यांना कळतं, कारण मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसलेलं असतं. आय.एस. २६३३ मधली चाचणी याच क्रियेवर चालते. नमुन्याचा तुकडा ठरावीक तीव्रतेच्या मोरचुदाच्या द्रावणात एक मिनिट बुडवायचा, धुवायचा, पुन्हा बुडवायचा. जिथे जस्त संपतं तिथे चकाकणारं तांबं घट्ट चिकटतं. किती बुडव्यांनंतर ते चिकटलं, यावरून लेप सर्वांत पातळ कुठे आहे ते समजतं. एकूण ग्रॅम यातून कळत नाहीत, त्यासाठी वजनाची वेगळी चाचणी आहे. पण गावात आलेला माल एका बाजूला पातळ आहे का, हे ग्रामपंचायतीच्या अंगणात सगळ्यांसमोर दाखवता येईल.

आणखी एक काम जिल्ह्याच्या पातळीवर व्हायला हवं. कोणत्या गावची हवा कोणत्या वर्गात बसते, हे आपण अंदाजानं ठरवू नये. जस्ताच्या वजन केलेल्या पट्ट्या हर्णै, जयगड, देवगड, वेंगुर्ला इथे किनाऱ्यावर आणि मग आत आत लांजा, सावंतवाडीपर्यंत वर्षभर टांगून ठेवायच्या, वर्षानंतर साफ करून पुन्हा वजन करायचं. हवेत मीठ किती आहे ते पाहायला पाण्याच्या बाटलीत उभी केलेली ओली वात पुरते. वातीवर जमलेलं क्लोराइड प्रयोगशाळेत मोजता येतं. रत्नागिरी आणि मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनांतली मुलं हे प्रकल्प म्हणून उत्तम करतील. किनाऱ्यापासून पहिल्या काही शे मीटरांत मीठ किती झपाट्यानं उतरतं, हे त्यातून दिसेल, आणि सगळीकडे महागडा लेप घालायची गरज नाही हेही दिसेल. जिथे हवा तिथेच पैसा घालता येईल.

दिवाळीनंतर नव्या कामांची अंदाजपत्रकं आपल्या टेबलावर येतील. त्यांत एवढा मजकूर घालावा : ‘समुद्र किंवा खाडीलगतच्या कामांतील सर्व लोखंडी सांगाडे वेल्डिंग व भोकं पूर्ण झाल्यावर आय.एस. ४७५९ प्रमाणे हॉट डिप गॅल्व्हनाइज करावेत, ५ मि.मी. व अधिक जाडीवर लेप किमान ६१० ग्रॅम प्रति चौ.मी. असावा. नट-बोल्ट व वायसर हॉट डिप असावेत. गॅल्व्हनाइज्ड पत्रा आय.एस. २७७ प्रमाणे २७५ किंवा वरच्या प्रतीचा असावा. जागेवरील वेल्डिंगला लेखी परवानगी लागेल. लेपाची जाडी स्वीकृतीच्या वेळी मोजून मोजमाप पुस्तिकेत नोंदवावी.’ मजकुरात काही कमी-जास्त वाटलं तर बदला, पण आकडे काढू नका.

माझ्याकडे गेज आहे. देवगड तालुक्यातल्या ज्या कनिष्ठ अभियंत्याला किंवा सरपंचांना आपल्या गावात आलेला माल मोजून पाहायचा असेल, त्यांच्यासोबत मी स्वतः येईन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपला,
देवगड तालुक्यातला एक फॅब्रिकेटर